दहा वर्षांची दाई

मूल आजीने वाढवावे की पगारी बाईने, हा प्रश्न शहरांतील सुशिक्षित घरांत हिरिरीने चर्चिला जातो. आई नोकरीला जाते म्हणून संस्कार बुडाले, ही खंतही त्यासोबत हमखास ऐकू येते. या चर्चेत धाराशिव जिल्ह्यातील वाशी तालुका मात्र कधी येत नाही.

बालाघाटच्या या अवर्षणप्रवण पट्ट्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात. मुकादमाकडून उचल घेतली जाते ती पतिपत्नीच्या जोडीने. त्या जोडीलाच ‘कोयता’ म्हणतात. आजी धडधाकट असेल तर मोठी मुले तिच्याजवळ गावी राहतात. अंगावर पिणारे मूल बरोबर न्यावेच लागते, आणि पुष्कळदा त्याला सांभाळण्यासाठी आठ-दहा वर्षांची थोरली बहीणही. आई फडात उतरली की झोळीला झोका देणारी ती मुलगी हीच त्या कुटुंबाची दाई. तिला वेतन नाही, सुट्टी नाही आणि हंगाम संपेपर्यंत शाळाही नाही.

दाईच्या कामाचे मोल आपल्या इतिहासाला ठाऊक होते. 1659 साली सईबाईंचे निधन झाले तेव्हा संभाजीराजे जेमतेम सव्वादोन वर्षांचे होते. जिजाऊंच्या छायेत ते वाढले; परंतु कापूरहोळच्या धाराऊ गाडे यांचे नाव मराठी मनाने दूधआई म्हणून जपले. आज मूल जिच्या स्वाधीन करून आईबाप निर्धास्तपणे कामावर जातात, ती ‘कामवाली’ ठरते. तिची स्वतःची मुले त्या वेळी कोणाजवळ असतात, हे विचारण्याची रीत नाही. (आजीला तरी कोण विचारते!)

कोसबाडच्या वारली पाड्यांत ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांच्यासमोर हीच अडचण उभी राहिली होती. मुली शाळेत येत नसत, कारण कडेवर धाकटे भावंड असे. या दोघींनी मुलींना वा त्यांच्या आयांना बोल लावला नाही; पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणून त्यांनी ‘विकासवाडी’ उभी केली. भावंडाची सोय झाली, तशी ताईची पाटीही सुटली नाही.

ऊसतोडीच्या बाबतीत साखरशाळा झाल्या, हंगामी वसतिगृहे निघाली. त्यांचा लाभ शाळकरी वयाला. तान्हे मूल त्यांच्या कक्षेबाहेरच राहिले. पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत पाळणाघर हवे, असा दंडक 2017 च्या कायदादुरुस्तीने घातला. मुकादमाच्या टोळीतील आईपर्यंत तो पोहोचत नाही. मग कारखान्यालाच जबाबदार का धरू नये? कामगार कल्याणासाठी गाळपावर प्रतिटन 10 रुपयांची आकारणी ठरलेलीच आहे. तिच्यातून टोळ्यांच्या प्रत्येक तळावर एक पाळणाघर चालवावे. कोयता पेलवेनासा झालेल्या वाशी-भूमच्या बायकांना प्रशिक्षण देऊन, रीतसर पगारावर, तेथे दाई म्हणून नेमावे. लेकरांना आपली बोली ऐकू येईल आणि थोरलीला वर्गात बसता येईल.