उरलेल्या नऊ भागांचा हिशोब

आमच्या मंडळीत दशांशावर वर्षातून तीन-चार उपदेश होतातच. मलाखीचा तिसरा अध्याय संडेस्कूलच्या मुलांनाही तोंडपाठ आहे. पण उरलेल्या नऊ भागांचे काय करायचे, यावर चाळीस वर्षांत मी व्यासपीठावरून एक शब्द ऐकलेला नाही. एक भाग देवाचा आणि नऊ आमचे, अशी वाटणी आम्ही मनाशी करून टाकली आहे. त्या नऊ भागांविषयी कोणी विचारायचे नाही आणि कोणी सांगायचे नाही, असा आमच्यात जणू करारच आहे. हा करार आमची घरे पोखरतो आहे.

महिला मंडळाची खजिनदार म्हणून मी अकरा वर्षे काम केले. सभा संपली, चहाचे कप धुऊन झाले की एखादी बहीण मागे रेंगाळते. पर्समधून पावत्या काढते. गेल्या पावसाळ्यात अशीच एक जण थांबली होती. नवरा नाशिकच्या अंबडमधल्या कारखान्यात कंत्राटावर, हातात महिन्याला २१ हजार. आम्ही दोघींनी कागदावर मांडले: खोलीभाडे साडेसहा हजार, किराणा सहा, मुलांची फी आणि रिक्षा तीन, वीज-गॅस-मोबाइल दोन. इथवर साडेसतरा हजार झाले, म्हणजे हात आखडता घेतला तर घर चालावे. मग हप्ते आले. फोनचा १,८०० आणि गटाच्या कर्जाचा दर आठवड्याला १,०५०. बेरीज २३,५०० वर गेली. दर महिन्याला अडीच हजारांचा खड्डा, आणि तो भरायला ती भिशी आधीच उचलून बसली होती. मंगळसूत्र सोडून बाकीचे सोने तारण पडले होते.

गटाचे कर्ज कशासाठी काढले, असे मी विचारले. धाकट्याच्या बाप्तिस्म्याच्या जेवणासाठी. दोनशे पाने.

तिला उधळी म्हणायला माझी जीभ धजत नाही. ही बाई भाजीबाजारात दहा रुपयांसाठी तीन गाड्या पालथ्या घालते. दोनशे पाने तिने वाढली, कारण त्याच्या आदल्या महिन्यात आमच्यातल्याच एका सधन घराने सहाशे पाने वाढली होती आणि आम्ही सगळे तिथे जेवून, वाहवा करून आलो होतो. मीही. ऐपत असलेल्याने केलेला खर्च त्याच्या घरापुरता राहत नाही, तो शेजाऱ्याच्या दारावर रेघ मारून जातो. या रेघेखाली आलात तर तुमची लाज, असे ती सांगते. आमच्या मंडळीत ही रेघ कोणी मारली, ते आम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांचीच नावे आम्ही देणगीच्या फळ्यावर लिहितो.

हे फक्त ख्रिस्ती घरांत चालते असे नाही. गंगापूर रोडवरची लॉन्स लग्नसराईत पाहावीत. ज्याच्या द्राक्षांचे पैसे व्यापाऱ्याकडे अडकले आहेत तोही हळदीला डीजे आणतो, प्री-वेडिंगचे फोटो काढतो आणि वर्षभर पतसंस्थेच्या वसुलीवाल्याला चुकवत फिरतो. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला आणि त्याच वर्षी, २५ डिसेंबरला, त्या पद्धतीचे पहिले लग्न लागले. भटजी नको, मानपान नको, कर्ज नको. तो दिवस नाताळचा होता. त्या दिवशी गोठ्यात जन्मलेल्याचे नाव सांगणारे आम्ही मात्र दीडशे वर्षांनंतर नाताळचे कपडे क्रेडिट कार्डावर घेतो आणि पुढे किमान रक्कम भरत बसतो. व्याज महिना साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला बेचाळीस. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्तऐवज हिसकावून जाळले होते. आजचा दस्तऐवज खिशातल्या फोनमध्ये असतो आणि अंगठा आम्ही स्वतःहून त्यावर टेकवतो.

मी शरणपूरचे नाव घेते, कारण ते घेतल्याशिवाय नाशिकच्या ख्रिस्ती माणसाला स्वतःची ओळख सांगता येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला चर्च मिशनरी सोसायटीने ही वस्ती वसवली. जातीने आणि नातलगांनी बाहेर काढलेली माणसे इथे राहिली. गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकन मुलेही इथे आणली गेली आणि त्यांना हाताचा धंदा शिकवला गेला. विकली गेलेली माणसे ज्या जमिनीवर मोकळी झाली, तिथे आमची घरे आहेत. कर्ज घेणारा सावकाराचा दास होतो हे नीतिसूत्रांचे वचन तिथे तरी आम्ही या कानाने ऐकून त्या कानाने सोडायला नको होते.

आणि लक्ष्मीबाई टिळक. नाशिकजवळच्या जलालपूरच्या, अखेरची वर्षेही त्यांनी नाशकातच काढली. त्यांचे ‘स्मृतिचित्रे’ आमच्या घराघरांत आहे, त्यातले गमतीचे प्रसंग आम्ही एकमेकांना सांगतो. त्यांचे पती नारायणराव यांच्या हाती पैसा ठरत नसे. समोर जो येईल त्याला ते देऊन मोकळे होत. पुढे १९१७ साली तर मिशनचे काम आणि पगार सोडून ते देवाच्या दरबाराच्या कल्पनेमागे गेले. मी त्यांच्या दातृत्वापुढे मान वाकवते. तरी त्या पुस्तकातून मला दरवेळी दुसरेच ऐकू येते: आज चूल कशी पेटवायची ही एका बाईची काळजी. देणाऱ्याचे नाव होते, निभावणारी डब्यांचा तळ खरवडत राहते. लक्ष्मीबाईंनी निदान ते लिहून ठेवले. आमच्या बायका तेही करत नाहीत. डाळीच्या डब्यात नोटा लपवणारी आई आम्ही कौतुकाने आठवतो, पण तिला लपवावे का लागले, हे आम्ही बापाला कधी विचारले नाही. घरात दोघे कमावतात आणि एकमेकांचा पगार एकमेकांना माहीत नसतो, अशी चांगली शिकलेली ख्रिस्ती जोडपी मला माहीत आहेत. ती रोज रात्री एकत्र प्रार्थना करतात.

नहेम्याच्या पुस्तकाचा पाचवा अध्याय आमच्याकडे वाचला जात नाही. यरुशलेमचा तट बांधण्याची प्रेरणा म्हणून चौथा आणि सहावा वाचतात, मधला वगळतात. त्यात गरीब लोक आणि त्यांच्या बायका रडत येतात. शेते, द्राक्षमळे, घरे गहाण पडली आहेत आणि मुलेमुली दास म्हणून द्यावी लागत आहेत. हे कर्ज त्यांना स्वतःच्या बांधवांनीच दिलेले असते. नहेम्या अंथरूण पाहून पाय पसरा असे गरिबांना सांगत नाही. तो सरदारांना आणि अधिकाऱ्यांना बोलावतो, भर सभेत जाब विचारतो आणि शेते परत करा, शेकडा एक घेतलेलेही परत करा म्हणतो. ते व्याज महिन्याचे असावे असे अनेक भाष्यकार मानतात. शेकडा एक! आमच्या कार्डाचे साडेतीन आहे. आपण आणि आपली माणसेही कर्ज देत आलो आहोत, हे तो त्याच सभेत सांगून टाकतो. अधिपती म्हणून मिळणारा भत्ता त्याने बारा वर्षे घेतला नाही, हेही त्याच अध्यायात आहे.

म्हणून काटकसरीचा पहिला धडा खोलीत राहणाऱ्याला देऊ नका, बंगल्यात राहणाऱ्याला द्या. ज्यांना सहाशे पाने परवडतात त्यांनी शंभरावर थांबावे आणि तसे आधी जाहीर सांगावे. बाप्तिस्म्याला चहा-केक पुरेल, असे पाळकसाहेबांनी आपल्या नातवापासून सुरू करावे. हंगामाच्या सणाला लिलावात एका भोपळ्याची बोली इभ्रतीपायी हजारांवर नेणाऱ्यांनी ते पैसे आजारपणाच्या आणि फीच्या बिनव्याजी निधीत मुकाट्याने टाकावेत. उपदेशात दशांश सांगाल त्याच दिवशी नऊ भागही सांगा. आणि घरात महिन्याच्या पहिल्या रविवारी वही जेवणाच्या ताटांशेजारी उघडी असावी, दहावीतल्या मुलालाही ती वाचता यावी. नव्या बुटांसाठी तो हट्ट करतो, कारण घरात काय आहे हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

पावत्या घेऊन आलेल्या त्या बहिणीचे नाव मी कोणाला सांगणार नाही. स्वतःचे सांगते. थोरल्या मुलीच्या लग्नाला आम्ही भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढले, वर दोन लाखांचे कर्ज काढले, आणि साडेचारशे पाने वाढली. ते फिटायला सहा वर्षे लागली. त्या सहा वर्षांत धाकटीला नर्सिंगला पाठवता आले नाही. ती आज एका दुकानात उभी राहून काम करते आणि मला कधी बोलून दाखवत नाही. पुढच्या महिन्यात महिला मंडळाची सभा आहे. त्या सहा वर्षांच्या वह्या मी सोबत नेणार आहे आणि नव्या खजिनदारबाईंना सांगून ठेवले आहे की गीत झाल्यावर पहिली दहा मिनिटे मला हवीत.