खुंट्यांवरील विणकाम आणि आपले मुलगे

विणकाम म्हटले की ते मुलींकडे सोपवून मोकळे व्हावे, असा आपल्याकडे परिपाठ पडला आहे. एका पालकांनी तर मला स्पष्टच विचारले, “गुरुजी, मुलगा लोकर विणीत बसला तर त्याचे गणित कोण करणार?” त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही, ते येथे देतो.

प्रथम कामाचे स्वरूप सांगितले पाहिजे. आपल्या भागातून मेंढ्यांचे कळप घेऊन जाणारे ठेलारी सर्वांनी पाहिले आहेत. मेंढीच्या राठ लोकरीची घोंगडी मागावर होते. तीत उभे व आडवे असे दोन धागे गुंततात. खुंट्यांच्या कड्यावर मात्र एकाच धाग्याचे फास एकमेकांतून ओवले जातात. म्हणून टोपी ताणते, घोंगडी ताणत नाही. प्रत्येक खुंटीस एक वेढा द्यावा, दुसऱ्या फेरीत त्याच्यावर दुसरा द्यावा, आणि आकड्याने खालचा वेढा वरच्यावरून उचलून खुंटीच्या आतल्या बाजूस टाकावा. हा सुलटा टाका. उलट्या टाक्यास धागा जुन्या वेढ्याखाली धरावा, त्या वेढ्यातून आकडा वरून घालून धाग्याचा फास वर ओढावा, जुना वेढा काढून नवा फास खुंटीवर बसवावा. नुसत्या सुलट्या टाक्यांची कड गुंडाळते. आरंभीच्या चार फेऱ्या एक सुलटी, एक उलटी अशा घातल्यास ती सपाट राहते.

सुईवरून टाका निसटला की खालच्या ओळीही उसवत जातात व नवशिका रडकुंडीस येतो. येथे प्रत्येक फासास स्वतःची खुंटी असल्याने ते भय कमी. नवशिक्याचा हमखास दोष म्हणजे धागा आवळणे. मग आकडा आत शिरत नाही. माझी पहिली टोपी ह्याच कारणाने मी दोनदा उसवली, आणि तिसऱ्यांदा झाली ती लहान पोरासही घट्ट! शेतकऱ्याच्या घरी कापूस असतो, परंतु आरंभ सुताने करू नये. ते लोकरीसारखे ताणत नाही.

आता गणित. दोन सुलटे, दोन उलटे अशी नक्षी गोल विणावयाची तर खुंट्यांच्या संख्येस ४ ने नि:शेष भाग गेला पाहिजे. २४ किंवा ३६ खुंट्यांवर ती जुळते, ३० वर फसते. फळ्यावर दहादा सांगून न समजलेला भागाकार, फेरीच्या शेवटी दोन खुंट्या उरल्या की मुलास आपोआप समजतो!

ह्यास बायकी काम म्हणणाऱ्यांनी इंग्लंडातील विल्यम ली ह्याचे स्मरण करावे. मोजे विणण्याचे यंत्र १५८९ साली रचणारा हा पुरुषच होता.

थंडीत डाब-तोरणमाळकडे दव गोठते. तिकडच्या मुलांस विकतची टोपी मिळतेही. पण ती उसवली की टाकून देतात, कारण टाका कसा उचलावा हे घरात कोणास ठाऊक नसते. आठवड्यातून एक तास मुलग्यांसही ह्या कामास द्यावा, एवढीच माझी मागणी आहे. कडे गावचा सुतार करून देईल.