माप कुणाचं?



चारचौघांत सतत हिणवली जाणारी, मान खाली घालून वावरणारी मुलं हळूहळू ताठ उभी राहतात, अशा गोष्टींवर सिनेमे पुष्कळ निघाले आहेत. त्यातल्या बऱ्याच सिनेमांचा साचा ठरलेला असतो. नायक मुलगा असेल तर तो मारामारी शिकतो. १९८४च्या ‘द कराटे किड’मध्ये छळणाऱ्या मुलाला स्पर्धेत हरवल्यावरच नायकाला मान मिळतो. नायिका मुलगी असेल तर तिचं रूप पालटतं. १९९९च्या ‘शीज ऑल दॅट’मध्ये मुलीचा चष्मा जातो, केस कापले जातात, लाल झगा घालून ती जिना उतरते आणि सगळे थक्क होतात. म्हणजे जिला हिणवलं, बदलायचं तिनंच! हिणवणाऱ्यांच्या हातातली मोजपट्टी मात्र तशीच राहते.

म्हणून मला २००२ सालचा ‘रिअल विमेन हॅव कर्व्हज’ हा अमेरिकन सिनेमा महत्त्वाचा वाटतो. होसेफिना लोपेझ यांच्या १९९०च्या नाटकावरून तो बेतला आहे. दिग्दर्शिका आहेत पॅट्रिशिया कार्डोसो. लॉस एंजेलिसच्या पूर्व भागात, मेक्सिकन वंशाच्या कष्टकरी वस्तीत राहणारी अठरा वर्षांची आना ही याची नायिका. अमेरिका फेरेरा या अभिनेत्रीनं ती उभी केली आहे. आना हुशार आहे, फटकळ आहे आणि अंगानं चांगली भरलेली आहे. या अंगावरून तिला उठता-बसता टोमणे मारते ती वर्गातली टोळी नव्हे, तिची सख्खी आई, कार्मेन. किती खातेस, चालतेस कशी, अशानं तुझ्याशी लग्न कोण करणार?

हे शब्द आपल्याला परके नाहीत. फक्त आपल्याकडे वजनाच्या जोडीला रंग असतो, उंची असते, दात असतात. शाळेत कुणी असं बोललं तर आपण जाऊन तक्रार करू. घरात आई-मावशी-आत्या बोलतात तेव्हा त्याला आपण काळजी म्हणतो, माया म्हणतो. आणि मायेच्या माणसानं मारलेला टोमणा मुलीला खोटा वाटत नाही. म्हणूनच तो खोल रुततो.

पण या सिनेमानं कार्मेनला खलनायिका केलेलं नाही. ती तेराव्या वर्षापासून राबते आहे. आता धाकटीनं हातभार लावावा, एवढाच तिचा हिशेब. मध्येच तिला वाटू लागतं की आपल्याला पुन्हा दिवस गेलेत. डॉक्टर सांगतात, पाळी जाण्याचं वय झालं आहे. बाईच्या देहाचं मोल लग्न आणि मूल एवढंच, असं जिला जन्मभर शिकवलं, तिला हे ऐकून काय वाटलं असेल? लेकीच्या हाती ती जी मोजपट्टी देते, तिच्यावर ती स्वतःही मोजली गेली आहे. याचा अर्थ तिचे टोमणे माफ, असा नाही. पण मुलीची बाजू घ्यायची म्हणजे आईवर तुटून पडायचं, असंही नाही.

आना थोरल्या बहिणीच्या, एस्टेलाच्या, शिवणकामाच्या कारखान्यात नाइलाजानं कामाला लागते. तिथं तिला हिशेब कळतो. एका झग्याचे बहिणीच्या हाती पडतात १८ डॉलर. तोच झगा मोठ्या दुकानात विकला जातो ६०० डॉलरला. शिवणाऱ्या बायकांना तो परवडत नाही आणि त्यांच्या अंगात तो मावणारही नाही.

एका दिवशी उकाडा असह्य होतो. कपड्यांवर धूळ बसेल म्हणून पंखा लावायची सोय नाही. आना अंगातला कपडा काढून टाकते. बाकीच्या आधी ओशाळतात, मग एकेक करून त्याही काढतात आणि एकमेकींच्या पोटावरच्या, मांड्यांवरच्या खुणा हसत हसत ताडून पाहतात. आई संतापून निघून जाते. बाकीच्या तशाच मशीनवर बसतात आणि काम पुढे चालू होतं. इथं कुणी बारीक झालेलं नाही, कुणाचं रूप पालटलेलं नाही. आनाला बळ आलं ते चौघीजणींच्या संगतीत. आरशासमोर एकटीनं ‘मी छान आहे’ असं घोकून ते आलं नसतं.

माझी एक तक्रार आहे. मूळ नाटकात कागदपत्रांवाचून पकडलं जाण्याची टांगती तलवार होती. सिनेमात ती राहिलेली नाही. शिवाय शिष्यवृत्ती मिळवून आना न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात जाते, ताठ मानेनं त्या शहरातून चालते. आपल्यालाही आनंद होतो. पण इस्त्रीच्या वाफेत उभ्या राहिलेल्या बाकीच्यांचं काय? एका हुशार मुलीची सुटका म्हणजे सगळ्यांची सुटका नव्हे. झग्याचे १८ डॉलर १८च राहतात.

आणि कार्मेन? लेक निघते तेव्हा ती खोलीचं दार उघडत नाही. मला ते बंद दार सर्वात जास्त छळतं. त्या कारखान्यात, त्या हसण्यात तिलाही जागा होती. ती आत येऊ शकली नाही, कारण लाज सोडणं म्हणजे आयुष्यभर जपलेलं सगळं फोल ठरवणं, असं तिला वाटलं असणार.

किशोरवयीन मुलींसाठी आत्मविश्वासाची शिबिरं आपण घेतो. घ्यायलाच हवीत. पण शिबिर संपवून मुलगी ज्या घरी परतते, तिथं मोजपट्टी तशीच टांगलेली असते. म्हणून मला वाटतं, मुलींच्या शेजारी त्यांच्या आयांनाही बसवू या. ‘तुला लहानपणी कोण काय म्हणायचं?’ एवढाच प्रश्न आधी आईला विचारू या. उत्तर मुलीनं ऐकावं. तुमच्या गटात असं काही करून पाहिलंत तर काय घडलं, काय बिनसलं, ते जरूर लिहून कळवा.