ठिणगीचा हिशेब

रे रोड आणि शिवडी यांच्या मध्ये वसलेल्या कॉटन ग्रीनला नाव कापसाने दिले. परंतु येथील जुन्या पेढ्यांच्या आठवणींत कापसाच्या गाठींबरोबर एक मोटारही असते. ती म्हणजे कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी फियाट, म्हणजेच पुढची प्रीमियर पद्मिनी. सोलापूरच्या जैन व्यापारी कुटुंबात १८८२ साली जन्मलेल्या शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना केली. मुंबईतील पद्मिनी टॅक्सींची सेवा ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस संपली. तथापि घरगुती वापराच्या काही गाड्या वडिलोपार्जित ठेवा म्हणून अद्याप जपल्या जातात.

अशा गाडीची एक ठरलेली तक्रार असते. सकाळी ती पहिल्याच किल्लीत सुरू होते, वीस-पंचवीस मिनिटे उत्तम धावते आणि मग एकाएकी बंद पडते. अर्ध्या तासाने, जणू काही घडलेच नाही अशा थाटात, पुन्हा सुरू होते. गल्लीत हे घडले तर त्रास एवढाच. पण ईस्टर्न फ्रीवेवर, मागून वाहने वेगाने येत असताना आणि गाडीत आजी-आजोबा व नातवंडे असताना घडले, तर प्रश्न जिवाचा होतो. दुरुस्तीला नेल्यावर प्रथम ‘कॉईल गेली’ असे सांगितले जाते. नवी कॉईल बसवूनही दोष राहिला की ‘इंजिन उतरवावे लागेल’ हा निकाल येतो आणि अखेरीस सुस्थितीतील गाडी भंगाराच्या भावाने जाते.

तेरीज जुळत नाही म्हणून कोणी खतावणी फेकून देत नाही. रकमा एकेक करून तपासल्या जातात आणि फरक नेमका कुठे पडला ते शोधले जाते. ठिणगीचा शोधही याच रीतीने घ्यावा लागतो.

कॉईलचे काम थोडक्यात असे. बॅटरीचा १२ व्होल्टचा प्रवाह तिच्या जाड तारेच्या वेटोळ्यातून वाहतो. डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंट उघडताच तो तुटतो आणि त्याच क्षणी बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत अनेक हजार व्होल्टचा दाब निर्माण होतो. तोच प्लगपर्यंत जाऊन ठिणगी पाडतो. चार सिलिंडरच्या पद्मिनीचे इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर ही एकटी कॉईल सेकंदाला १०० ठिणग्या पुरवते. तापल्यावर आतील तार सूक्ष्म ठिकाणी सुटते अथवा तिचे आवरण दगा देते; थंड होताच जोड पुन्हा जुळतो. म्हणून थंड गाडीवर केलेली तपासणी बहुधा निर्दोष ठरते.

खरी परीक्षा गाडी बंद पडलेल्या अवस्थेतच करावी. गाडी सुरक्षित जागी घेतल्यावर जाणकार मेकॅनिकने पहिला प्रश्न विचारावा : ठिणगी आहे का? कॉईलच्या मधल्या वायरला जास्तीचा प्लग लावून, त्याचे अंग इंजिनाच्या धातूला घट्ट टेकवून स्टार्टर फिरवला की उत्तर मिळते. ठिणगी जोरकस असून ती चारही प्लगपर्यंत पोहोचत असेल, तर कॉईल निर्दोष समजावी आणि पेट्रोलकडे वळावे. उन्हात नळीतील पेट्रोलची वाफ झाली तरी लक्षणे हुबेहूब अशीच दिसतात. कॉईलपाशी ठिणगी आहे पण प्लगपाशी नाही, तर डिस्ट्रिब्यूटरची टोपी, तिच्यातील रोटर आणि वायरी पाहाव्या. पावसाळ्यात टोपीला गेलेली बारीक चीर ओल धरते आणि ठिणगी वाटेतच गळते.

कॉईलपाशीच ठिणगी नसेल, तर टेस्ट लॅम्प घ्यावा. कॉईलच्या बॅटरीकडील टोकाशी दिवा लागला नाही, तर दोष स्विचचा अथवा वायरचा. तेथे लागला, पण स्टार्टर फिरताना दुसऱ्या टोकाशी लुकलुकला नाही, तर पॉइंट तपासावेत. दोन्ही ठीक असतील, तरच संशय कंडेन्सर आणि कॉईल यांच्यावर येतो. कंडेन्सर स्वस्त असल्याने तो आधी बदलावा. मग चांगली चालणारी कॉईल तात्पुरती जोडून पाहावी; गाडी त्याच तापलेल्या अवस्थेत सुरू झाली, तर निदान पक्के झाले. केवळ मल्टिमीटरवर विसंबू नये. तुटलेली तार तो दाखवतो. दुबळे झालेले आवरण दाखवेलच असे नाही.

जपानच्या माझ्दा कंपनीच्या रोटरी इंजिनाच्या गाड्यांत हाच प्रश्न अधिक महागात पडतो. तेथे पिस्टनऐवजी त्रिकोणी रोटर फिरतो आणि ज्वलनाची जागा लांबट असल्याने प्रत्येक रोटरला दोन प्लग लागतात. ‘आरएक्स-८’ मध्ये दोन रोटर, चार प्लग आणि चार कॉईल असतात. शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला प्रत्येक रोटरचे एक ज्वलन होते. साध्या फोर-स्ट्रोक इंजिनाच्या सिलिंडरला तेच दोन फेऱ्यांत एकदा लागते, म्हणजे या कॉईलवर दुप्पट भार. ती क्षीण झाली की न जळलेले पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाते, तेथील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून निकामी होतो आणि शक्ती घटल्याने इंजिनच संपल्याचा समज होतो. म्हणूनच इंजिन उघडण्यापूर्वी कॉईल, प्लग आणि वायरी तपासणे व रोटरीसाठीच्या खास उपकरणाने कॉम्प्रेशन मोजणे, हा क्रम तेथे पाळला जातो.

काही पथ्ये मालकाच्या हाती आहेत. इंजिन बंद असताना किल्ली चालू ठेवू नये. पॉइंट मिटलेले राहिले, तर प्रवाह अखंड वाहून कॉईल भाजते. झिजलेले प्लग वेळेवर बदलावेत. त्यांची फट वाढली की कॉईलला अधिक दाब निर्माण करावा लागतो. नवी कॉईल गाडीच्या जोडणीला अनुरूप आहे, याची खात्री करावी. ठिणगीची परीक्षा पेट्रोलच्या वासात कदापि करू नये, वायर उघड्या हाताने धरू नये आणि हृदयात पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीने त्या वेळी बोनेटजवळ थांबू नये. नव्या, इलेक्ट्रॉनिक पद्धतीच्या गाड्यांत तर चालू इंजिनाची वायर उपटून पाहणे म्हणजे आणखी एक दोष विकत घेणे होय.

दुरुस्तीचे बिल चुकते करताना मालकाने बदललेला सुटा भाग मागून घ्यावा आणि तो सदोष असल्याचे कसे ठरले, हे विचारावे. प्रामाणिक कारागिराला या प्रश्नाचा राग येत नाही. आपले कसब समजून घेणारे गिऱ्हाईक मिळाल्याचे त्याला समाधानच वाटते.