सायकल शेअरिंग ठीक, पण पंक्चर कोण काढणार?

आपल्याकडे बिझनेस प्लॅन स्पर्धा जाहीर झाली की दोन कल्पना हमखास येतात. एक मेसच्या डब्याचं ॲप आणि दुसरी सायकल शेअरिंग. यंदा डबा मागे पडलाय आणि सायकलचा प्रस्ताव थेट संचालकांच्या टेबलापर्यंत जाणार असं ऐकतो. दोनशे नव्या सायकली, प्रत्येकीला जीपीएसचं कुलूप, मोबाईलवर कोड स्कॅन केला की निघा! आधी कॅम्पस, मग अख्खं पुणे. त्यासाठी माजी विद्यार्थ्यांकडून पंचवीस लाख मागायचे. प्रेझेंटेशन मी पाहिलं. स्लाइड्स झकास आहेत, पण अठ्ठावीस स्लाइड्समध्ये ‘पंक्चर’ हा शब्द एकदाही नाही.

मी सायकलच्या विरोधात नाही, हे आधीच सांगून टाकतो. मेन गेटपासून हॉस्टेल दीड किलोमीटर, तिथून वर्कशॉप आणखी पुढे. फर्स्ट इयरच्या पोरांकडे गाडी नसते, आणि जर्नल भिजू नये म्हणून ती पावसात कशी पळतात हे आपण रोज बघतो. गरज खरी आहे. म्हणूनच भीती वाटते. हा प्रकार एकदा फसला की पुढची दहा वर्षं ऑफिसात कोणी सायकलचं नावही काढू देणार नाही.

आणि फसायला वेळ लागत नाही. ॲमस्टरडॅममध्ये १९६५ साली ‘प्रोव्हो’ नावाच्या बंडखोर तरुणांनी पांढऱ्या रंगाच्या सायकली रस्त्यावर ठेवल्या. कुलूप नाही, भाडं नाही, घ्या आणि हवं तिथे सोडा. पोलिसांनी त्या उचलून नेल्या, कारण बिनकुलपाची सायकल रस्त्यावर ठेवणं तिथल्या नियमात बसत नव्हतं. कोपनहेगनने १९९५ साली नाणं टाकून सुटणारी सायकल आणली. नाणं टाकणारा कोण, हे मात्र कोणालाच कळत नव्हतं. इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ विद्यापीठाने १९९६ साली विद्यार्थ्यांना मॅग्नेटिक कार्ड दिलं, तेव्हा पहिल्यांदा सायकल कोणी नेली याची नोंद राहू लागली. म्हणजे या धंद्यातली एक महत्त्वाची सुधारणा कॅम्पसवर झाली. आपल्यासाठी ही चांगलीच गोष्ट आहे.

पॅरिसचं उदाहरण प्रस्तावात आहे, पण अर्धंच. ‘वेलिब’ जुलै २००७ मध्ये सुरू झाली आणि खूप गाजली हे खरं. पण ती चालवणाऱ्या जेसीडेको कंपनीची कमाई मुख्यतः शहरातल्या जाहिरातींच्या फलकांतून होती. पहिला अर्धा तास तर फुकटच होता! २००९ पर्यंत मूळच्या वीस हजार सायकलींपैकी सुमारे ८० टक्के चोरीला गेल्या किंवा मोडल्या, अशा बातम्या आल्या. आणखी एक गंमत अशी, की लोक टेकडीवरून सायकलने खाली यायचे आणि वर जाताना मेट्रो धरायचे. त्यामुळे वरची स्टँड रिकामी, खालची भरलेली. शेवटी चढावरच्या स्टँडला सायकल आणून लावली तर पंधरा मिनिटं बक्षीस, अशी योजना काढावी लागली. शिवाय सायकली इकडून तिकडे नेणारे टेम्पो होतेच. तो डिझेलचा आणि माणसांचा खर्च कोणत्या स्लाइडवर आहे?

पण आपल्या प्रस्तावाने सगळ्यात जास्त अभ्यास करायला हवा तो ‘ओफो’चा. ही कंपनी २०१४ मध्ये पेकिंग विद्यापीठातल्या दाई वेई आणि त्याच्या मित्रांनी सुरू केली. म्हणजे आपल्यासारखीच पोरं! सुरुवातीला त्यांनी विद्यार्थ्यांच्याच सायकली गोळा केल्या, त्यांना नंबर दिले आणि साधी आकड्यांची कुलपं लावली. कॅम्पसवर ते चाललं. मग गुंतवणूकदार आले आणि २०१६ पासून शहरांमध्ये पिवळ्या सायकलींचा पूर आला. कुलपाचा आकडा बदलत नसे, म्हणून लोकांनी तो पाठ केला. दुरुस्ती मागे पडली, फुटपाथवर सायकलींचे ढीग लागले. डिसेंबर २०१८ मध्ये आपलं डिपॉझिट परत मागणाऱ्यांची ऑनलाइन रांग एक कोटीच्या वर गेली होती. एका डिपॉझिटची रक्कम होती ९९ किंवा १९९ युआन. लोकांच्या डिपॉझिटवर धंदा उभा केला की काय होतं, ते इथे दिसतं.

लांब कशाला, आपल्या पुण्यातच बघा. डिसेंबर २०१७ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारात शेअरिंगच्या सायकली आल्या, मग औंधला, मग इतर भागांत. मी तेव्हा शाळेत होतो. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये अशीच एक सायकल कोणीतरी स्वतःचं कुलूप घालून ठेवली होती, घरची असल्यासारखी! दुसऱ्या एकीची सीट गायब होती. वर्ष-दोन वर्षांत त्या बहुतेक दिसेनाशा झाल्या. बेंगळुरूची २०१७ मध्ये सुरू झालेली ‘यूलू’ टिकली, पण पायडलवर नव्हे, बॅटरीवर. आणि तिच्या गाड्या मोठ्या प्रमाणात कोण चालवतं, तर घरपोच सामान पोचवणारी मुलं. त्यांना गाडी दिवसभर लागते. आपल्याला लागते सकाळी दहा मिनिटं आणि संध्याकाळी दहा मिनिटं.

इथेच खरी मेख आहे. नऊच्या लेक्चरला सगळं हॉस्टेल एकाच वेळी बाहेर पडतं. दोनशे सायकली पावणेनऊला सुटल्या की त्या डिपार्टमेंटपुढे जाऊन जेवणाच्या सुट्टीपर्यंत उभ्या. दोनशे एकाव्या पोराला ॲपवर काय दिसणार? सगळ्या सायकली तिकडेच!

जरा कॅल्क्युलेटर काढा. (एम-थ्रीच्या पेपरपेक्षा सोपं आहे.) सायकल आणि कुलूप मिळून बारा हजार धरा. एका फेरीचे पाच रुपये आणि दिवसाला तीन फेऱ्या, म्हणजे पंधरा रुपये. कॉलेज चालू असण्याचे दिवस वर्षाला १८०. उत्पन्न झालं २,७०० रुपये. नुसती सायकलची किंमत निघायला साडेचार वर्षं हवीत! यात दुरुस्तीचा एक रुपया नाही, कुलपाच्या सिमकार्डाचा खर्च नाही, आणि उघड्यावर काढलेले चार पावसाळेही नाहीत.

माझे बाबा कराडचे. ते सांगतात, त्यांच्या लहानपणी सायकल मार्टमधून तासाच्या भाड्याने सायकल मिळायची. मडगार्डवर पांढऱ्या रंगात नंबर, दुकानदाराच्या वहीत नाव आणि वेळ. डिपॉझिट नसे. “कुणाचा रे तू?” एवढंच विचारलं जाई आणि उत्तर पटलं की सायकल हातात. सायकल परत त्याच दुकानात यायची आणि चेन उतरली असेल तर तिथेच बसवली जायची. हॉलंडमध्ये २००३ पासून रेल्वे स्टेशनांवर चालणारी ‘ओव्ही-फीट्स’ बघितली तर मला हेच सायकल मार्ट आठवतं. ज्या स्टेशनवरून नेली तिथेच परत आणायची. सायकली हलवायला टेम्पो नको आणि दुरुस्ती एका जागी.

आता माझं म्हणणं. बॉईज हॉस्टेलच्या मागच्या शेडमध्ये पास आऊट झालेल्या सीनियर्सनी टाकून दिलेल्या सायकली मी मोजल्या. त्रेसष्ट भरल्या. गेटबाहेरच्या पंक्चरवाल्या काकांना घेऊन गेलो. त्यांनी एकेक हलवून बघितली आणि चाळीस बाजूला काढल्या. “फ्रेम सरळ आहे ना, मग बाकी सगळं बाजारात मिळतं,” म्हणाले. टायर, ट्यूब, ब्रेकच्या वायरी धरून सरासरी दीड हजार, म्हणजे साठ हजार रुपये. साध्या कुलपांचे आठ हजार.

ही एकेक सायकल चौघांच्या गटाला एका सेमिस्टरसाठी द्यायची. वेगवेगळ्या वर्षाचे किंवा बॅचचे चौघं घेतले तर प्रॅक्टिकलच्या वेळा वेगळ्या पडतात. मडगार्डवर नंबर, रेक्टरच्या वहीत चार नावं. माणशी चारशे रुपये घेतले तर १६० जणांचे ६४ हजार होतात. काका आठवड्यातून दोनदा येतील, एका खेपेचे सातशे. पाच महिन्यांचे २८ हजार. सुट्या भागांना बारा हजार ठेवा. उरले २४ हजार. म्हणजे तीन सेमिस्टरमध्ये सुरुवातीचे पैसे परत, आणि डिपॉझिट कोणाचंच अडकलेलं नाही.

“यात इनोव्हेशन काय? हे स्केल कसं होणार?” असं आमच्याच बॅचचा एक मित्र म्हणाला. बाबा रे, चाळीस सायकलींची हवा दोन वर्षं टिकवून दाखव, मग बोलू. आणि शहरात जायचंच असेल तर मेट्रो स्टेशनपाशी एक शेड, एक पंप आणि पगारी माणूस, असं सुरू करता येईल. २०२२ पासून मेट्रो धावतेय, पण स्टेशनवरून कॉलेजला यायला अजून रिक्षाच शोधावी लागते. ॲप हवं तर वहीच्या जागी जरूर करा. कॉम्प्युटरवाल्यांना मिनी प्रोजेक्ट होईल.

माझ्या योजनेतली एक अडचण मात्र मलाही सुटलेली नाही. वही सांभाळणारा पोरगा पास आऊट झाला की पुढे कोण? निदान दोघं सेकंड इयरचे पहिल्यापासून बरोबर हवेत, आणि काकांचे पैसे देण्याची सही त्यांच्याकडे हवी. काकांची उधारी थकली तर ते यायचे बंद होतील, हे नक्की.

तूर्तास एवढं करता येईल. फायनल इयरवाल्यांनो, मे महिन्यात सामान बांधाल तेव्हा सायकलची किल्ली बॅगेत टाकू नका. खोली नंबर लिहिलेली चिठ्ठी बांधून रेक्टर ऑफिसात ठेवा. त्या शेडमधल्या त्रेसष्टपैकी एकोणीस सायकलींची कुलपं काकांना पान्याने तोडावी लागणार आहेत.