व्यापाऱ्याचे सामान्यज्ञान : मीठ, चारोळी आणि तराजू

सामान्यज्ञानाची सदरे आमचे वाचक आवडीने वाचतात. कोणता शब्द कोठून आला, कोणती वस्तू कशापासून बनते, हे मुले पाठ करतात, स्पर्धेत बक्षीस मिळवतात आणि वही मिटली की सारे विसरतात. त्यात वाईट काही नाही. पण व्यापाऱ्याचे सामान्यज्ञान एवढ्यावर संपत नाही. विकणाऱ्याला जे माहीत नाही ते घेणाऱ्याला माहीत असेल, तर त्या माहितीचे तो काय करतो यावर त्याची कमाई कशी ठरेल हे अवलंबून असते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हेमलकशाकडचेच पाहा. भामरागड तालुक्यातील या गावी बाबा आमटे यांनी 23 डिसेंबर 1973 रोजी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. तेव्हा हा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यात होता. गडचिरोली जिल्हा 26 ऑगस्ट 1982 रोजी वेगळा झाला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांच्या दवाखान्याची कीर्ती सर्वांना ठाऊक आहे. व्यापाऱ्याने मात्र तेथे 1976 साली निघालेल्या शाळेकडे अधिक लक्ष द्यावे. आकडा वाचता येणारा माडिया तरुण तराजूचा काटाही वाचतो.

याच जंगलपट्ट्यात, इंद्रावतीच्या अलीकडे आणि पलीकडे, मिठाच्या बदल्यात चारोळी हा सौदा पिढ्यान्‌पिढ्या चालला. चाराच्या झाडाखाली फळे वेचायची, वाळवायची, कवच फोडून आतला दाणा काढायचा, आणि एवढे करून मापाला माप मीठ घ्यायचे. शहरात मिठाईवर पडणाऱ्या चारोळीचा भाव काय, हे वेचणारीला कोणी सांगितलेच नव्हते. त्यात विज्ञानाची आणखी एक गोष्ट आहे. जाड्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार मिसळलेले असतात. ते हवेतील ओल ओढून घेतात. म्हणून पावसाळ्यात मीठ पाझरते आणि वजनालाही भरते. वाळलेल्या चारोळीसमोर ओले मीठ तोलले तर पाण्याचीही किंमत वसूल होते! मोहफुलाचे उलट आहे. ताजे फूल वाळले की निम्म्याहूनही कमी वजनाचे उरते. ओल्याचा भाव सांगून वाळलेले पाटीभर घेणारा तोंडाने एकही खोटा शब्द बोलत नाही, आणि तरीही समोरच्याला लुबाडतो.

आता शब्दांकडे वळू. आमच्या बाजाराची अर्धी भाषा अरबी-फारसी आहे. दुकान म्हणजे मुळात माल मांडण्याचा ओटा. दलाल म्हणजे वाट दाखवणारा (आज ही वाट कोणाच्या फायद्याकडे जाते ते विचारू नये). रेशनच्या दुकानावर ‘रास्त भाव’ लिहिलेले असते. रास्त म्हणजे सरळ, खरा. वजन आणि मीज़ान हे दोन्ही शब्द एकाच अरबी धातूपासून निघाले. मर्वच्या अल्‌-खाज़िनी या विद्वानाने बाराव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशात केवळ तराजू या विषयावर मोठा ग्रंथ लिहिला, आणि सोन्यात भेसळ आहे की नाही हे पाण्यात तोलून कसे ओळखावे ते त्यात सांगितले.

पण आमच्या मते व्यापाऱ्याने सर्वांत आधी शिकावा असा शब्द ‘ततफीफ’ हा आहे. पवित्र कुरआनातील 83 वी सूरह माप मारणाऱ्यांच्या नावानेच ओळखली जाते : अल्‌-मुतफ्फिफीन. या शब्दाच्या मुळाशी ‘तफीफ’, म्हणजे क्षुल्लक, थोडेसे, हा अर्थ आहे. माप मारणारा पोतेभर चोरत नाही, चिमूटभर चोरतो. त्याला वाटते, एवढ्याशाने काय होते? त्या एवढ्याशाचेच नाव या गुन्ह्याला पडले आहे.

एवढ्याशाची किंमत विज्ञानालाही मोजावी लागली. 1889 पासून जगाचा किलोग्रॅम म्हणजे पॅरिसजवळ जपून ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा एक छोटा दंडगोल होता. शंभर वर्षांत त्याच्या आणि त्याच्या प्रतींच्या वजनात सुमारे 50 मायक्रोग्रॅमचा फरक पडलेला आढळला. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. एवढा फरकही शास्त्रज्ञांना खपला नाही. शेवटी 20 मे 2019 पासून किलोग्रॅमची व्याख्याच बदलली. आता ती कोणत्याही धातूच्या तुकड्यावर नव्हे, तर निसर्गातील एका न बदलणाऱ्या स्थिरांकावर आधारलेली आहे. आणि आमचे काही बंधू पारड्याखाली चिकटवलेल्या चिंचेच्या गोळ्याला धंद्याची हुशारी समजतात.

कोणी म्हणेल, आमचा काटा बरोबर आहे, सरकारी शिक्का आहे. बाहेरचा भाव सांगणे हे काही आमचे काम नव्हे. या युक्तिवादाचे उत्तर फार जुने आहे. अरबस्तानात काफिले माल घेऊन शहराकडे येत, तेव्हा काही चलाख लोक पुढे जाऊन वाटेतच त्यांना गाठत आणि बाजारभाव कळण्याआधी माल स्वस्तात उचलत. याला ‘तलक्की’ म्हणतात, म्हणजे पुढे जाऊन भेटणे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी याला मनाई केली, आणि असा सौदा झालाच तर बाजारात पोहोचल्यावर तो मोडण्याचा हक्क विकणाऱ्याला दिला. येथे काटा खोटा नव्हता, मालही खराब नव्हता. एका बाजूला माहिती होती आणि दुसऱ्या बाजूला नव्हती, एवढेच. आठवडी बाजाराच्या पायवाटेवर उभे राहून डोक्यावरची पाटी उतरवून घेणाऱ्याने हे नीट वाचावे.

तेंदूपानाचा व्यवहार करणाऱ्या, विडी कारखान्यांना पान पुरवणाऱ्या बंधूंसाठी आणखी एक. महाराष्ट्रात तेंदूचा पुडा 70 पानांचा, तर शेजारच्या छत्तीसगडात 50 पानांचा. दोन्हीकडे हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी धरतात. म्हणजे इकडच्या गोणीत 70,000 पाने, तिकडच्या गोणीत 50,000. दोन्हीकडचे गोणीचे दर शेजारी मांडून ‘तिकडच्यापेक्षा आम्ही जास्त देतो’ असे सांगणारा खरे आकडे सांगूनही चकवू शकतो. 2006 च्या वनहक्क कायद्यानंतर गडचिरोलीतील कित्येक ग्रामसभा आपले तेंदू आणि बांबू स्वतः विकू लागल्या आहेत. त्यांच्यासमोर बसताना हा हिशेब त्यांनी मांडण्याची वाट पाहू नये. भाव गोणीचा न सांगता हजार पानांचा सांगावा, आणि पुड्यात किती पाने आहेत ते दोघांनी मिळून मोजावे.