शिफारसपत्र आणि तारांकित प्रश्न

जून महिना उजाडला की आमदारांच्या जनसंपर्क कार्यालयांसमोरची गर्दी वाढू लागते. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रीमिलेअर प्रमाणपत्र, शिधापत्रिकेत राहून गेलेले सुनेचे नाव, मुलाचा प्रवेश. आणि बाराही महिने न चुकणारा विषय म्हणजे रुग्णालयाचे बिल. स्वीय सहायक अर्ज वाचतो, छापील मजकुरात नाव भरतो आणि थोड्या वेळात साहेबांच्या सहीचे शिफारसपत्र हाती पडते. माणूस समाधानाने पायऱ्या उतरतो. वर्षअखेरीस निघणाऱ्या गुळगुळीत कागदावरील कार्यअहवालात अशा पत्रांची बेरीज ठळक अक्षरांत छापली जाते.

या गर्दीची थट्टा सुखवस्तू मध्यमवर्गाने करू नये. तहसील कार्यालयात ज्याला कुणी ‘बसा’ म्हणत नाही, त्याला येथे निदान पाणी विचारले जाते. कार्यालयात बसून संध्याकाळपर्यंत लोकांचे अर्ज लिहून देणारे कार्यकर्ते निरलसपणे काम करतात, हेही खरे. प्रश्न त्यांच्या हेतूचा नाही. जे पत्र मागण्यासाठी माणूस पाच-सहा तास रांगेत उभा राहतो, त्या पत्राची मुळात गरज का पडावी, हा प्रश्न आहे.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ साली झाला. अधिसूचित सेवा ठरावीक दिवसांत मिळणे हा त्या कायद्याने नागरिकाचा हक्क आहे. अर्ज केल्यावर क्रमांकासह पोच मिळाली पाहिजे. सेवा नाकारली किंवा मुदतीत दिली नाही, तर त्याच खात्यात पहिले आणि दुसरे अपील करता येते. तेथेही न्याय मिळाला नाही, तर राज्य सेवा हक्क आयोगाकडे जाता येते. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. या साऱ्यात शिफारसपत्राला कोठेही जागा नाही. तरीही पत्र मागितले जाते, दिले जाते आणि टेबलावरचा कारकून ते पाहून फाईल वर काढतो. म्हणजे जे कायद्याने मिळायचे, ते कृपेने मिळाले असे वाटू लागते. ज्याची फाईल वर आली, त्याच्यामुळे दुसऱ्या कुणाची तरी खाली गेली, हे कुणाच्या लक्षातही येत नाही. ती दुसरी फाईल बहुधा दूरच्या वस्तीवरील एखाद्या विधवेची असते. तिच्या ओळखीचा कार्यकर्ता नसतो. किंवा तिचे घर ‘त्यांच्या’ पक्षाचे म्हणून गावाला ठाऊक असते.

रुग्णालयांच्या बाबतीत हा प्रकार थेट जिवावर बेततो. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या २००६ च्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि आणखी दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. त्यासाठी एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्णांच्या निधीत बाजूला काढायची असते. तातडीच्या प्रसंगी रुग्णाला लगेच दाखल करून घेऊन त्याची प्रकृती स्थिर होईपर्यंत उपचार करणे बंधनकारक आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये अनामत रकमेच्या मागणीवरून पुण्यातून राज्यभर वादळ उठले, तेव्हा अनेक सुशिक्षित घरांना या तरतुदी प्रथमच कळल्या. रात्री दोन वाजता रुग्णाच्या भावाला आमदारांचा दूरध्वनी क्रमांक शोधावा लागतो, कारण खाट त्याच्या हक्काची आहे हे त्याला कुणी सांगितलेले नसते. फोन लागला तर खाट मिळते. न लागला तर?

शिफारसपत्राने फार तर एक फाईल हलते, नियम हलत नाही. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून चालू आहे. २०२३ साली तिचे मासिक अनुदान एक हजारावरून दीड हजार रुपये झाले, ते योग्यच झाले. परंतु लाभार्थी ठरण्यासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा वर्षानुवर्षे एकवीस हजार रुपयांवर थबकली होती. एकवीस हजार म्हणजे दिवसाला साठ रुपयांहूनही कमी. अनुदानच वर्षाला अठरा हजार होते! मोलमजुरी करून दोन मुले वाढवणाऱ्या बाईने खरे उत्पन्न सांगितले तर ती अपात्र, आणि कमी आकड्याचा दाखला मिळवला तर पात्र. निराधार माणसाला खोटे बोलायला लावणारी ही अट कोणत्याही आमदाराच्या लेटरहेडने बदलत नाही. ती बदलते तारांकित प्रश्नाने, लक्षवेधी सूचनेने, अर्थसंकल्पावरील कपात सूचनेने. विधानसभेच्या २८८ आणि विधान परिषदेच्या ७८ सदस्यांच्या हाती ही आयुधे आहेत; तहसीलदाराच्या हाती नाहीत.

आमदार निधीचेही काहीसे असेच. स्थानिक विकास कार्यक्रमाची प्रत्येक आमदारामागची वार्षिक रक्कम २०२० साली दोनावरून तीन कोटी, २०२१ साली चार कोटी आणि २०२२ साली पाच कोटी झाली. ही रक्कम आमदाराच्या हाती येत नाही. तो कामे सुचवतो, मंजुरी जिल्हा प्रशासन देते. तरी फलक त्याच्याच नावाचा लागतो, आणि कित्येकदा बाकापेक्षा फलक मोठा असतो. कायदे करणाऱ्याने खर्चही सुचवावा, ही मूळ विसंगतीच आहे. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००७ साली खासदार व आमदार निधी बंद करण्याची शिफारस केली होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये खासदार निधी घटनाबाह्य नसल्याचा निर्वाळा दिला, त्यामुळे तो वाद कायदेशीरदृष्ट्या मिटला. औचित्याचा प्रश्न शिल्लक आहे.

महाराष्ट्राला याहून उंच उदाहरणे ठाऊक आहेत. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्यासमोरही काम मागणारा भूमिहीन मजूर होता. त्याला कुठे तरी चिकटवून देणारी चिठ्ठी त्यांनाही लिहिता आली असती. त्यांनी रोजगार हमीची कल्पना मांडली, तासगाव तालुक्यात तिचा प्रयोग झाला, १९७२ च्या दुष्काळात तिची कसोटी लागली, १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागणाऱ्याला काम मिळणे हा त्यानंतर हक्क झाला. पागे काँग्रेसचे होते. चांगल्या कामाचे श्रेय पक्ष पाहून देऊ नये.

जनसंघाचे रामभाऊ म्हाळगी १९५७ साली मावळातून विधानसभेत गेले, पुढे पुण्यातून निवडून आले. आपण काय केले याचा छापील वृत्तांत दरवर्षी मतदारांपुढे ठेवण्याचा पायंडा त्यांनी पाडला. आजचे कार्यअहवाल त्याच परंपरेचे वारस म्हणवतात. मात्र त्यांची पाने उलटली, तर भूमिपूजने, वाढदिवस, सत्कार आणि नेत्यांसमवेतची छायाचित्रे यांतून वाट काढता काढता वाचक दमतो. सभागृहात किती प्रश्न विचारले, त्यांतील किती उत्तरांचा पाठपुरावा केला, मंत्र्यांनी दिलेले आश्वासन किती महिने आश्वासनच राहिले, याला अर्धे पान मिळाले तरी भाग्य. मतदारसंघातील धर्मादाय रुग्णालये कोणती, तेथे राखीव खाटा किती, लोकसेवा हक्क कायद्याखाली पहिले अपील कोणत्या अधिकाऱ्याकडे करायचे, निराधार योजनेच्या तालुका समितीने वर्षभरात किती अर्ज मंजूर केले आणि किती कोणत्या कारणाने फेटाळले, ही माहिती त्या गुळगुळीत कागदावर सहज मावेल. ती छापली की कार्यालयातली गर्दी ओसरेल, ही भीती मात्र काहींना वाटते, आणि ती अगदीच अनाठायी नाही. रांगेत उभा असलेला माणूस मत देताना रांग विसरत नाही, हा हिशेब सर्वच पक्षांना पाठ आहे.

म्हणूनच मदत केंद्रांत बसणाऱ्या कार्यकर्त्यांचे काम येथे महत्त्वाचे ठरते. अर्ज घेऊन येणाऱ्याला पत्र देण्याआधी त्याच्याकडे पोच आहे का, हे विचारावे. नसेल तर त्याच्याबरोबर जाऊन ती घ्यावी. मुदत टळली असेल तर अपील लिहून द्यावे. एका तहसील कार्यालयात एकाच सेवेसाठी पन्नास अपिले गेली, तर कोणत्या टेबलावर काय अडते हे आपोआप कागदावर येईल. त्या पन्नास अपिलांची यादी घेऊन तालुक्यातील कार्यकर्त्यांनी अधिवेशनाच्या आधी आपल्या आमदाराकडे जावे, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, आणि त्यावर सभागृहात प्रश्न मागावा. हिवाळी अधिवेशनासाठी आमदार नागपूरला निघण्यापूर्वी ती यादी त्याच्या हाती असली पाहिजे.